आठव्यात ओलांडलेली वेस

पट्टा खोटं बोलत नाही, असं सगळा तालुका म्हणायचा. गेल्या वर्षापर्यंत द्वारका शिंत्रेही म्हणायची. आणि तिनं म्हटलं की लोक डोळे झाकून मान डोलवायचे, कारण ही बाई सहसा कुणाचीच तरफदारी करत नसे. नाव आजीचं ठेवलेलं, पण शिक्षण अगदी आजचं. प्रसूतिशास्त्राची पदवी घेऊन, मोठ्या रुग्णालयात हात घोटून घेऊन ती करंबेवाडीच्या प्रसूतिकेंद्रात प्रसविका म्हणून आली होती. करंबेवाडी म्हणजे सह्याद्रीच्या कोल्हापूरकडच्या उतारावरचं, काजू आणि रताळ्यांवर जगणारं गाव. आसपासच्या आठ गावांच्या बायका तिच्या हाताखाली बाळंत व्हायच्या, आणि तिच्या तोंडाला लागायच्या आधी सरपंचसुद्धा दोनदा विचार करायचा.

आता हा पट्टा म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढं सरकता येणार नाही.

मऊ सुती कापडाचा वीतभर रुंद पट्टा. गरोदर बाईनं तो पोटावर बांधायचा, वरून साडी नाहीतर कुर्ता, बकल तेवढं बाहेर. कापडात विणलेले बारीक संवेदक बाळाचे ठोके ऐकतात, हालचाली टिपतात आणि नाळेतून रक्त किती जोरानं वाहतंय ते ध्वनिलहरींनी मोजतात. बाळ पोटातच दगावतं तेव्हा पुष्कळदा दोष असतो वारेचा, म्हणजे नाळेच्या मुळाशी असलेल्या अवयवाचा. वार थकते, रक्त कमी पोचवते, आणि बाळ बिचारं काटकसर करू लागतं. आधी वाढ आवरतं, मग हातपाय हलवणं कमी करतं. हृदयाला ते सगळ्यात शेवटी हात लावतं. ठोके बिघडलेले दिसले तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

म्हणून पट्टा ठोके बिघडायची वाट बघत नाही. एक बाळ दिवसभर लाथा झाडतं, दुसरं आळशासारखं लोळत पडतं, आणि दोघंही ठणठणीत असतात. तेव्हा पट्टा आधी दोन आठवडे त्या बाळाची स्वतःची चाल शिकून घेतो आणि पुढं रोज त्याच चालीशी ताडून बघतो. चाल टिकून असली की बकलावरचा दिवा हिरवा. ढासळली की लाल. लाल लागला की जिल्ह्याच्या ठिकाणी आपोआप कळतं, गाडी निघते, शस्त्रक्रियेची खोली राखून ठेवली जाते. कुणाची सही नको, कुणाच्या हातापाया पडणं नको.

आणि पट्ट्यानं काम केलं होतं, हे कुणीही कबूल करावं. पूर्वी वर्षातून एकदोनदा तरी एखादा बाप कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन मुकाट ओढ्याकडं जायचा. ते जवळजवळ थांबलं. पण दुसरंही एक थांबलं. “बाळ हलतंय का गं?” हा प्रश्न कुणी कुणाला विचारेनासं झालं. सासू विचारीना, डॉक्टर विचारीना. पोरीसुद्धा पोटावर हात ठेवायच्या ऐवजी बकलाकडं बघायला लागल्या.

गेल्या वर्षी प्राजक्ता नावाची एक पोर पहिल्या बाळंतपणाला माहेरी करंबेवाडीत आली होती. दिवा हिरवा होता. पोर म्हणत होती, बाळ हलत नाही. द्वारकानं तिला स्वतःच्या गाडीतून जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलं. लाल नाही तर दार नाही, असा तिथला नियम. दारातूनच परत पाठवलं, आणि वर द्वारकाला ताकीद आली की यंत्रावर अविश्वास दाखवून व्यवस्थेचा वेळ दवडला. पुन्हा असं झालं तर करंबेवाडीचं केंद्र माणसाविना चालवायला घेऊ. त्याच आठवड्यात प्राजक्ताचं बाळ पोटातच गेलं. दिवा शेवटपर्यंत हिरवाच होता. चौकशी समितीनं ‘अटळ घटना’ असं म्हटलं. ताकीद मात्र मागं घेतली नाही. त्या ‘अटळ’ शब्दानं द्वारकाच्या डोक्यात जी सणक गेली होती, ती अजून उतरली नव्हती.

अशात एका दुपारी समृद्धी आली.

समृद्धी म्हणजे उज्ज्वलाची मुलगी. उज्ज्वला करंबेवाडीतला काजू कारखान्याला पोचवायची, स्वतःचा टेम्पो स्वतः हाकायची, आणि घाटात मागून कुणी हॉर्न वाजवलाच तर थांबून त्याची हजेरी घ्यायची. मुलगी डोंगरापलीकडच्या आंबेखिंडीला दिली होती. सातव्यात डोहाळजेवण झालं, ओटी भरली, आणि रीतीप्रमाणं आई तिला पहिल्या बाळंतपणाला घेऊन आली. त्याला आता महिना उलटला होता.

“अक्का, बाळ गप्प झालंय,” समृद्धी म्हणाली.

“गप्प कुठलं झालंय!” उज्ज्वला मागून आलीच. “माहेरी आलंय, निवांत झालंय. बाई, तुम्हीच सांगा हिला. हा एवढा हिरवागार दिवा लागलाय, आणि ही सकाळपासून तोंड पाडून बसलीय.”

“वैनी, तुम्ही जरा बसा,” द्वारका म्हणाली. “समृद्धी, तू बोल.”

“आंबेखिंडीला होते ना, तवा जेवायला बसले की ताट पोटाला टेकायचं, आणि हे ताटालाच लाथ मारायचं. आमटी सांडायची. सासूबाई हसून हसून बेजार व्हायच्या. हितं आल्यापासून रोज थोडं थोडं कमी. आज तर नुसतं कूस बदलल्यासारखं केलंय, तेवढंच.”

द्वारकानं तिला झोपवलं. पोट चाचपलं, फीत लावली, ठोके ऐकले. ठोके चांगले होते. पोट महिन्याच्या मानानं जरा लहान होतं, पण पोरच मुळात चणीनं बारीक. केंद्रातल्या पडद्यावर पट्ट्याच्या नोंदी सगळ्या मर्यादेत. हातात धरून दाखवावं असं काही नव्हतं.

“तुला स्वतःला काय वाटतंय?” तिनं विचारलं.

समृद्धीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “मला भ्या वाटतंय, अक्का. महिना झाला सांगतेय. आईला सांगितलं, यांना फोनवर सांगितलं. सगळी म्हणतात दिवा बघ.”

“मग काय चुकलं आमचं?” उज्ज्वला उठून उभी राहिली. तिचा आवाज चिडका होता, पण त्यात भीतीच जास्त होती. “बाई, तुम्हाला काय, तुम्ही सांगून मोकळ्या. माहेरी काय कमीजास्त झालं तर बोल कुणाला लागतो? आईला. जल्मभर ऐकून घ्यावं लागतं. तो दिवा हिरवा आहे तोवर मला कोण नाव ठेवू शकत नाही. तो एक आधार आहे मला.”

द्वारका तिच्यावर रागावणार होती. पण ह्या बाईनं जे खरं होतं ते तोंडावर सांगितलं होतं, त्यामुळं तिचा राग निम्म्यावर आला.

तिनं जिल्ह्याच्या देखरेख कक्षात फोन लावला. तिथं डॉ. मृण्मयी केळुसकर बसायच्या. वयानं द्वारकाहून लहान, डोळ्यांखाली कायम काळी वर्तुळं, पण प्रामाणिक बाई. प्राजक्ताच्या वेळी चौकशीत ‘अटळ’ या शब्दावर सही करायला नकार देणारी एकटी तीच.

“डॉक्टर, पोर म्हणते आंबेखिंडीला बाळ मस्तीखोर होतं, इथं आल्यावर ढेपाळलं. तिथली चाल आणि इथली चाल शेजारी ठेवून बघा की.”

“तिथली माझ्याकडे नाही, अक्का. कुणाकडेच नाही. गाव बदललं की पट्टा नव्यानं शिकायला बसतो.”

“का?”

“पहिल्या वर्षी असं नव्हतं. पण बायका घाट चढून आल्या, झोपायच्या वेळा बदलल्या, खाणं बदललं की बाळांची चाल थोडी बदलायची आणि उगाचच लाल दिवे लागायचे. रोज शंभर गाड्या रिकाम्या धावायच्या. म्हणून नवीन जागी नवीन पाया, असं ठरलं.”

“आणि जुना पाया?”

“प्रत्येक गावात पट्ट्याचं नोंदकेंद्र असतं ना, जुना पाया जुन्या गावच्या नोंदकेंद्रातच कुलूपबंद राहतो. कायदाच आहे ना तसा.”

तो कायदा द्वारकाला चांगलाच ठाऊक होता. विमा कंपन्या बायकांच्या पोटातली माहिती विकत घेतात हे उघड झालं, तेव्हा बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. पोटातली माहिती गावाबाहेर जाणार नाही, अशी घोषणा होती. ती घोषणा देताना घसा बसलेल्यांत द्वारकाही होती.

“डॉक्टर, एक सांगा. पट्टा इथं आल्यावर दोन आठवडे शिकतो. त्याच दोन आठवड्यांत बाळ खालावत असेल तर?”



“तर तो खालावलेलीच चाल शिकेल,” केळुसकर सावकाश म्हणाल्या. “तीच धडधाकट समजेल. पुढची घसरण त्याला किरकोळ वाटेल. अगं आई गं… अक्का, आपल्याकडे पहिलटकरणी सगळ्या सातव्यात माहेरी जातात. आणि वार थकायला लागते तीही बऱ्याचदा त्याच सुमाराला.”

“ज्यांनी पट्टा बनवला त्यांच्याकडं पोरी आईकडं जात नसतील बाळंतपणाला.”

“नसतीलच. आणि आपणही कुणी सांगितलं नाही त्यांना. आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलंय की सांगावं असं वाटलंच नाही. प्राजक्ता… प्राजक्ता पहिलटकरीण होती. माहेरी आलेली.”

“होय. मग आता ह्या पोरीला गाडी पाठवा.”

“लाल नसेल तर माझ्या हातून गाडी सुटतच नाही. तसं बटणच नाही इथं. आणि तुम्ही स्वतः घेऊन आलात तर दारातच अडवतील, मागच्यासारखं.”

द्वारकानं खिडकीबाहेर बघितलं. समोर डोंगर होता, आणि डोंगरापलीकडं आंबेखिंड.

“आणि ही पोर आत्ता परत सासरी गेली तर? वेशीच्या आत?”

“तर पट्टा तिथल्या नोंदकेंद्राला ओळखेल. जुनं कुलूप उघडेल,” केळुसकर म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. “अक्का! आंबेखिंडीची चाल आणि आजची चाल तो स्वतःच ताडून बघेल. पण गर्भवतीला मंजुरीशिवाय हलवलंत तर तुमचं केंद्र जाईल. मला तुम्हाला जा म्हणून सांगता येणार नाही.”

“तुम्ही सांगू नका. मी निघाले.”

पण निघणं इतकं सोपं कुठलं! गाडी उज्ज्वलाची, आणि उज्ज्वला दारात आडवी उभी.

“आठव्यात? बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? सातव्यात न्यावी, नाहीतर नवव्यात. आठव्यात पोरीला वेस ओलांडू देत नाहीत. माझ्या आईनं मला दिली न्हवती, तिच्या आईनं तिला दिली न्हवती. आणि वर दिवा हिरवा असताना? वाटेत काय झालं तर विहीण माझी चामडी सोलेल.”

“वाटेत काही झालं तर मी शेजारी आहे. इथं झालं तर मी नुसती बघत बसेन, मागच्या वर्षी बसले तशी. प्राजक्ताच्या आईला विचारा तिला हिरव्या दिव्याचा किती आधार झाला ते!”

हे जरा लागट बोलली ती, आणि मुद्दामच बोलली. उज्ज्वलाचं तोंड उतरलं. प्राजक्ताची आई तिच्याच आळीतली.

“मी एवढ्या गाड्या पोचवल्या घाटातनं,” उज्ज्वला पुटपुटली, “पण हे न्हाई व्हायचं माझ्याच्यानं.”

तेवढ्यात आतून समृद्धी आली. पदर खोचलेला, चपला पायात. कुणाकडं न बघता ती पायऱ्या उतरली, टेम्पोचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर चढून बसली.

“कुठं निघालीस?” उज्ज्वला ओरडली.

“सासरी. तू नेतीस तर ने. न्हाईतर चावी टाक, अक्का चालवतील. त्यांनापण जमत नसलं तर मी चालत जाते. डोंगर काय मला नवा न्हाई.” पोर जागची हलली नाही. “माझ्या पोटात काय चाललंय ते मला कळतंय, आई. त्या बकलाला न्हाई कळत.”

उज्ज्वलानं एकदा लेकीकडं बघितलं, एकदा द्वारकाकडं. मग दात ओठ खात ती चालकाच्या जागेवर चढली. “सरक तिकडं. आणि पोट सांभाळून बस, खड्डे आहेत.”

घाटात उज्ज्वला एरवी टेम्पो असा हाकायची की मागची पोती उड्या मारायची. त्या दिवशी मात्र एकेक खड्डा अलगद चुकवत होती. समृद्धीचा एक हात द्वारकाच्या हातात, दुसरा पोटावर. ती मधूनमधून पुटपुटत होती, “हल की रं बाळा, एकदा हल की.” द्वारकाला मनातून प्रचंड धाकधूक होती. पट्टा तिथंही हिरवाच राहिला तर? मग आपलं केंद्र जाईल, आठ गावांच्या बायका यंत्राच्या हवाली होतील, आणि ही बाई म्हणजे वेडी, असं लोक कायमचं ठरवतील. तिनं ते मनातून झटकून टाकलं. ठरवू देत.

आंबेखिंडीच्या कमानीशी समृद्धीची सासू मनीषा रस्त्याच्या मधोमध उभी होती. घाटात कुणीतरी टेम्पो बघितला होता आणि फोन पुढं गेला होता. मागं चारदोन बायाही होत्या.

“विहीणबाई, हे काय आरंभलंय?” मनीषा कडाडली. “सातव्यात वाजतगाजत पाठवलेली सून आठव्यात परत आणता? वेस ओलांडायला लावता? दिवा हिरवा असताना? माझ्या नातवंडाला काय झालं तर मी कुणाला धरू?”

द्वारका उतरायला निघाली. पण उज्ज्वलानं तिला हातानं मागं सारलं आणि खिडकीतून अर्धी बाहेर वाकली.

“मला धरा!” ती म्हणाली. “मी आणली. बोल लावायचा तर मला लावा, सगळ्या गावासमोर लावा, ऐकून घेते. पण आधी गाडीसमोरनं बाजूला व्हा. माझ्या लेकीचं बाळ हलत न्हाई.”

मनीषाच्या चेहऱ्यावरचा राग क्षणात पुसला गेला. “हलत न्हाई? ते ताटाला लाथ मारणारं?” ती बाजूला झाली, नुसती बाजूला झाली नाही, तर टेम्पोच्या मागच्या पायरीवर उभी राहून वेशीतून आत आली.

कमान ओलांडली. उज्ज्वलानं इंजिन बंद केलं. सगळ्यांचे डोळे समृद्धीच्या कमरेकडं. हिरवा दिवा विझला. पट्टा गावच्या नोंदकेंद्राशी ओळख पटवत होता, चहाला उकळी यावी एवढाच वेळ, पण तो सरता सरेना.

मग दिवा लागला. लाल.

पट्ट्याची शिट्टी अशी काही वाजली की कमानीवरची कबुतरं उडाली. “लाल आलाय, अक्का! लाल!” समृद्धी रडत रडत हसायला लागली. लाल दिवा बघून बाई हसली, असं त्या पट्ट्याच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं असावं. द्वारकाच्या फोनवर केळुसकरांचा आवाज आला, “गाडी निघाली. तिला डाव्या कुशीवर झोपवा. अक्का, लाल लागल्यावर आकडे मलाही उघडले. तिची जुनी चाल आणि आजची चाल… निम्म्याहून खाली आलीय हो.”

संध्याकाळ व्हायच्या आत शस्त्रक्रिया झाली. मुलगी. दोन ओंजळींत मावेल एवढी, पण रडली. मांजराच्या पिल्लासारखी, चिरक्या आवाजात रडली, आणि बाहेर दोघी विहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून तिच्याहून मोठ्यानं रडल्या. वार निम्मी पांढरी पडून कडक झाली होती. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ती द्वारकाला बोलावून दाखवली. आणखी दोनतीन दिवस हिरव्या दिव्याकडं बघत बसलो असतो तर काय झालं असतं, ते दोघींनाही बोलून दाखवावं लागलं नाही.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दोनच दिवसांत आरोग्य विभागाचे उपसंचालक राजाध्यक्ष यांचं निवेदन आलं. पट्ट्यानं वेळेवर इशारा दिल्यानं बाळ वाचलं! द्वारका वाचून हसली, मग चिडली, मग इतकी चिडली की तिनं हातातला चहा तसाच ओतून टाकला. तिनं आणि केळुसकरांनी मिळून सगळं सविस्तर कळवलं होतं. त्यावर साहेबांचा फोन आला.

“तुमचा मुद्दा आम्ही समितीकडे सोपवलाय, शिंत्रेबाई. सहा महिन्यांत अहवाल येईल. मंजुरी न घेता गर्भवतीला हलवल्याबद्दल तेवढा माफीनामा द्या. केंद्राचं मी बघतो.”

“आणि तोवर ज्या पोरी माहेरी आहेत त्यांचं काय?”

“तोवर प्रचलित पद्धत. एका उदाहरणावरून व्यवस्था बदलत नसतात.”

“साहेब, सहा महिन्यांत आत्ताच्या सगळ्या पोरी बाळंत झालेल्या असतील. अहवाल कुणासाठी? माफीनामा मिळणार नाही. केंद्र काढून घ्यायचं तर घ्या, मी पिंपळाखाली बसून बाळंतपणं करेन.”

तिनं फोन ठेवला. केंद्र जाणार, हे तिनं धरूनच चाललं होतं. वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण गप्प बसून ते टिकवायचं, तर ते कशाला हवं?

पुढचं काम केलं ते उज्ज्वलानं. द्वारकानं शास्त्र सांगितलं असतं तर आयांनी ऐकून घेतलं असतं आणि पोरींना घरीच ठेवलं असतं. आठवा म्हणजे आठवा. पण उज्ज्वला काजूच्या कारखान्यात, बाजारात, लग्नाच्या मांडवात उभी राहून सांगायला लागली, “मी आठव्यात वेस ओलांडली. माझी नात जिती आहे. तुमच्या पोरींना चहा पिण्यापुरतं सासरच्या कमानीखाली नेऊन आणा. काय वाकडं झालं तर बोल माझ्यावर घाला, माझी पाठ भक्कम आहे.” एका आईनं सगळ्या आयांचा बोल आपल्या डोक्यावर घ्यायचा, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. आणि मनीषा, तीच कमानीत आडवी उभी राहिलेली, सासवांना फोन करत सुटली की सुना आल्या तर दारात अडवू नका, पाटावर बसवून चहा द्या.

आणि मग आठवडी बाजाराच्या सकाळी तालुक्यातले रस्ते बायकांनी भरले. टेम्पो, रिक्षा, जीप, जे मिळेल ते. सातव्यातल्या, आठव्यातल्या, नवव्यातल्या. पहिलटकरणी आपापल्या सासरच्या वेशीकडं निघाल्या होत्या. कुणाबरोबर आई, कुणाबरोबर काकू, आणि कुणाची आई अडूनच बसली म्हणून शेजारीण. करंबेवाडीच्या सुना ज्या दुसऱ्या गावांत माहेरी होत्या, त्या करंबेवाडीच्या कमानीकडं येत होत्या. तिथं खुर्च्या टाकून, पाण्याचे माठ ठेवून द्वारका उभी होती, आणि उज्ज्वला एकेक गाडी आत घेत होती. कुणी घाबरून रडत होती, कुणी हसत होती. एक म्हातारी आठव्यातल्या नातसुनेला कमानीतून नेताना आधी डोळे मिटून हात जोडत होती आणि मग स्वतःच तिला पुढं ढकलत होती.

पहिल्या सातआठ जणींचे दिवे विझले आणि पुन्हा हिरवे लागले. प्रत्येक वेळी टाळ्या. मग साहेबांचा फोन आला, चित्रासकट. राजाध्यक्ष देखरेख कक्षात उभे, चेहरा लालबुंद. त्यांच्यामागं भिंतभर तालुक्याचा नकाशा, आणि नकाशासमोर केळुसकर बसलेल्या.

“शिंत्रेबाई, हा तमाशा ताबडतोब बंद करा! शेकडो गर्भवतींना रस्त्यावर आणलंत? कुणाच्या परवानगीनं? मी आत्ताच्या आत्ता तुमचं केंद्र…”

मागं नकाशावर टिंग झालं. डोंगराच्या बाजूला एक लाल ठिपका उमटला होता.

साहेब बोलायचे थांबले नाहीत, पण त्यांची मान वळली. “…तुमचं केंद्र बंद करण्याचा आदेश…”

दुसरा ठिपका. नदीकाठच्या एका गावात.

इकडं करंबेवाडीच्या कमानीखाली तिसऱ्या लाल दिव्याची शिट्टी वाजली. निळ्या कुर्त्यातली एक कोवळी पोर आपल्या बकलाकडं बघत उभी होती, आणि तिची आई तिला घट्ट धरून द्वारकाच्या नावानं हाका मारत होती. पडद्यावर साहेब नकाशाकडं वळून ठिपके मोजत होते.

“गाड्या सुटल्या, अक्का,” मागून केळुसकर म्हणाल्या. “तिन्ही.”

“साहेब,” द्वारका म्हणाली, “आदेश द्यायचा तर सावकाश द्या. आत्ता मला वेळ नाही.”

तिनं फोन खिशात टाकला आणि निळ्या कुर्त्यातल्या पोरीला डाव्या कुशीवर झोपवायला धावता धावता ती मागं वळून ओरडली, “उज्ज्वलावैनी, रांग थांबवू नका! पुढची गाडी वेशीत घ्या!”